एक टक म्हणजे समजलं

खालून पाइपवर तीन टकटक झाल्या तेव्हा गाणं लागलेलंच नव्हतं. प्लेअरवर तबकडी नव्हती, अँप्लिफायरचा लाल दिवासुद्धा बंद होता. वेंडेलीन नुसता बसला होता, दोन स्पीकरांच्या बरोब्बर मधोमध, जिथं खुर्चीच्या पायांनी गालिच्यात चार खळगे पाडलेत तिथं, आणि आधी काय बदलायचं याचा विचार करत होता. टक, टक, टक. स्वयंपाकघरातून झेल्मीरा म्हणाली, खालच्या शार्लोता काकू आल्या वाटतं हॉस्पिटलातून घरी, आणि पुन्हा बटाटे किसायला लागली. वेंडेलीन मात्र पाचव्या मजल्यावरच्या त्या खुर्चीतून हलला नाही.

कोशित्से शहराच्या त्या वसाहतीत भिंती अशा की तिसऱ्या मजल्यावर कुणी शिंकलं तर सातव्यावरचा बरं व्हा म्हणतो. त्यात घरं गरम ठेवणारा तो पाइप, तळघरापासून गच्चीपर्यंत सरळ उभा, प्रत्येकाच्या न्हाणीघरातून गेलेला. तीन टकटक म्हणजे आवाज कमी करा. त्यावर वरच्यानं उलट एक टक मारायची, म्हणजे समजलं, करतो. एवढ्या भाषेवर छत्तीस बिऱ्हाडं पन्नास वर्षं नांदली. दोन लग्नं म्हणे त्या पाइपवर जमली आणि एक मोडलं, आता यात खरं किती ते पाइपलाच ठाऊक. पण वेंडेलीन शिकला होता ते असं, की एक टक मारली की आपलं काम संपलं. मग खालचा गप्प, वरचा गप्प. आज मात्र कमी करायला आवाजच नव्हता. मग ही म्हातारी काय कमी कर म्हणते आहे? त्याचा हात सवयीनं टेबलावरच्या स्क्रूड्रायव्हरकडे गेला, लाकडी मुठीच्या, ज्यानं तो नेहमी उत्तर द्यायचा. आणि हात तिथंच थांबला, तापलेल्या तव्यापाशी थांबावा तसा.

त्याचे कान म्हणजे साधे कान नव्हते. मुंगी भिंतीवरून गेली तर कुठल्या पायानं लंगडते ते सांगेल, असं कारखान्यातले लोक म्हणायचे, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. चौतीस वर्षं पोलादाच्या कारखान्यात त्याचं काम एकच. हातभर लांब लोखंडी सळई घ्यायची, एक टोक यंत्राच्या अंगाला, दुसरं आपल्या कानामागच्या हाडाला लावायचं आणि डोळे मिटून ऐकायचं. आत बेअरिंग झिजलंय, गोळी तडकलीय, तेल संपलंय, सगळं त्या टकटकीवरून सांगायचं. इंजिनियर लोक जर्मनीहून डबाभर उपकरणं घेऊन आले तेव्हा साहेबानं त्यांना म्हणे सांगितलं होतं की ते ठेवा बाजूला, आधी आमच्या वेंडेलीनला विचारा. एकदा त्यानं चालत्या पट्टीचा ठोका नुसता जेवणाच्या खोलीतून ऐकला आणि सूप टाकून धावला. दोन माणसांचे हात वाचले त्या दिवशी. तेव्हा ठोका म्हणजे काय ते कळत नव्हतं असं तो म्हणूच शकत नव्हता. हीच तर पंचाईत होती. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, मला काय माहीत.

गेल्या पानगळीत तो निवृत्त झाला आणि गाण्याच्या संचातला एक भाग बदलता येईल इतके पैसे बाजूला पडले. एकच. गुरुवारी बिअरच्या दुकानात जमणाऱ्या सहा जणांमध्ये यावरून उभी फूट. सुईवाले म्हणायचे की जे तबकडीवरून उचललंच नाही ते पुढं येणार कुठून, तेव्हा आधी प्लेअरची सुई. स्पीकरवाले म्हणायचे की शेवटी बोलतो तो स्पीकरच, घरात राजा आणून मुक्याला त्याचं भाषण वाचायला देऊ नका. गेझा, जो वेंडेलीनचा चाळीस वर्षांचा मित्र आणि अँप्लिफायरवाला एकटाच, तो दोघांनाही वेड्यात काढायचा. शेवटी त्यानं स्वतःचा अँप्लिफायर आठवडाभर वापरायला दिला, पोतं उचलावं तसा पाठीवर घेऊन पाच मजले चढला, कारण लिफ्टमधल्या धक्क्यांवर त्याचा विश्वास नव्हता. एका वेळी एकच गोष्ट बदल, तो म्हणाला, आणि तोच तुकडा ऐक. बाकी सगळं तसंच ठेव, खुर्चीसुद्धा इंचभर हलवू नकोस. आता त्या आठवड्याचा सहावा आठवडा चालला होता. काल फोनवर गेझा म्हणाला, "अरे, लग्न लावलंस का त्याच्याशी? उद्यापर्यंत सांग काय ते, नाहीतर मी येतो आणि दोघांनाही उचलून नेतो." वेंडेलीन हसला होता. गेझाला काय सांगणार? की मी तो चाळीस सेकंदांचा तुकडा लावला की मला त्यात बासचा खर्ज ऐकूच येत नाही, झांजही ऐकू येत नाही, त्यांच्या मागं एक साबणाची वाटी वाजत राहते?

कारण तो शनिवारच तसा होता. फेब्रुवारीचा, बाहेर बर्फ मळून राखेसारखा झालेला. झेल्मीरा बहिणीकडे प्रेशोवला गेली होती, घर सगळं त्याचं. जुना अँप्लिफायर, तोच तुकडा. वायरी काढा, नवा लावा, तोच तुकडा. पुन्हा वायरी. आणि तीनच्या सुमारास, झांज विझत विझत जिथं नुसती चमक उरते, तिथं पाइप वाजला. तीन टकटक नव्हत्याच त्या. पाच होत्या. मग दोन. मग थांबून चार. त्यानं मोजल्या होत्या, हे त्याला आजही आठवतं, न मोजता राहणं त्याच्या कानांना जमतच नाही. आवाज बोथट, चिनी मातीचा, कप किंवा वाटी. नेहमी शार्लोता काकू लाकडी चमच्यानं वाजवायच्या, नीट, शाळेतल्या बाईंसारख्या, तीन. आज काकूंचा ताल बिघडलाय, असं त्याच्या मनात आलं. नुसतं एवढंच आलं. कारखान्यात असा बेताल ठोका ऐकला असता तर त्यानं आधी बटण दाबून पट्टी थांबवली असती. इथं त्यानं थांबवलं ते गाणं. आवाज शून्यावर आणला, न्हाणीघरात गेला, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं पाइपवर एक टक मारली. समजलं. आणि खालचं वाजणं थांबलं. बघ, थांबलं. तो परत आला आणि अगदी बारीक आवाजात ऐकत बसला.

सव्वाचारला पुन्हा सुरू झालं. आता आवाज वेगळा होता, पातळ, धारदार, धातूचा. मातीवरून धातूवर आला, अशी नोंद त्याच्या कानांनी केली, जशी दोन अँप्लिफायरांमधल्या फरकाची करत होते तशीच, त्याच खुर्चीत बसून. त्याला राग आला. एवढा बारीक केलाय तरी म्हातारीला काय खुपतंय? आणि त्यानं खुंटीवरचे हेडफोन काढले, ते मोठे, कान आख्खे गिळणारे, आणि सहा वाजेपर्यंत तो जगात नव्हता.

सहाला जिन्यात जड बुटांची धावपळ झाली तीसुद्धा त्याला जमिनीतून, तळव्यांना कळली. तिसऱ्या मजल्यावरची ब्लाझेना ट्राम चालवून घरी आली होती, हात धुवायला गेली आणि पाइपवरचं ते वाजणं ऐकून तशीच साबणाच्या हातांनी वर पळाली. तिच्याकडे काकूंच्या घराची किल्ली असायची. शार्लोता काकू न्हाणीघराच्या फरशीवर, मांडीचं हाड मोडून, तीन तासांपासून. आधी साबणाची वाटी वाजवली, ती फुटल्यावर बोटातली अंगठी. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई. स्ट्रेचर जिन्यातून उतरताना वेंडेलीन दारात उभा होता, हेडफोन गळ्यात, आणि ब्लाझेना सगळ्यांदेखत त्याला म्हणाली की बरं झालं तू गाणं बंद ठेवलंस, नाहीतर मला ऐकूच आलं नसतं. त्यानं गळ्यातले हेडफोन काढून हातात घेतले, पाठीमागं धरले, जसं लहानपणी फुटलेलं भांडं धरतात.

लहानपणी. त्याच्या आईचा पाय एका हिवाळ्यात प्लास्टरमध्ये होता आणि ती मागच्या खोलीत पडून असायची. काही हवं असलं की चमच्यानं काचेचा पेला वाजवायची. वेंडेलीन अकरा वर्षांचा, रेडिओला कान लावून. तो तिथूनच ओरडायचा, येतो. आणि जायचा नाही. येतो म्हटलं की पेला थांबायचा, हे त्याला फार लवकर कळलं होतं. गाणं संपेपर्यंत अवकाश मिळायचा. आईनं कधी त्याचा हिशेब मागितला नाही, उलट शेजारणींना सांगायची की माझा पोरगा हाकेला ओ देतो. ते आता त्याला दाढी करताना आठवायचं, जेवताना आठवायचं, आणि सगळ्यात जास्त आठवायचं ते जिन्यात कुणी पाठ थोपटली की.

आणि जिन्यात पाठ थोपटणं तर महिनाभर संपेना. काकूंनी हॉस्पिटलमधून गोष्ट अशी काही फुलवून पाठवली होती की विचारू नका. काकूंच्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक. त्यांचा नवरा घोरायचा तेव्हा नवव्या मजल्यावरचा गिलावा पडायचा. एकदा डोंगरातून अस्वल आलं, लिफ्टमध्ये शिरलं, चुकीचं बटण दाबलं आणि लाजून जिन्यानं परत गेलं. तर या वेळची गोष्ट अशी की वरच्या वेंडेलीननं पहिल्याच ठोक्याला ओळखलं की काहीतरी घडलंय, आणि आख्ख्या बिल्डिंगीला ऐकू यावं म्हणून आपलं लाडकं गाणं बंद केलं, आणि श्वास रोखून तीन तास बसून राहिला. लोक हसायचे, पण मानायचे. दुसऱ्या मजल्यावरून खसखशीचा गोड रोल आला. सातव्यावरून अक्रोडाचा. ब्लाझेनानं तर कोबीचं सूप आणलं पातेलंभर. झेल्मीरा अभिमानानं फुलून गेली होती, प्रत्येक थाळी धुऊन परत करताना आत काहीतरी घालून पाठवायची. वेंडेलीन एकेक तुकडा गिळायचा आणि प्रत्येक वेळी त्याला ठसका लागायचा. खसखस आहे, झेल्मीरा म्हणायची, पाणी पी. तिलाही त्यानं सांगितलेलं अर्धंच होतं. आवाज लगेच कमी केला, हे सांगितलं. ती एक टक सांगितली नाही.

आणि आता पुन्हा टक, टक, टक. "अहो, उत्तर द्या की त्यांना," झेल्मीरानं आतून हाक दिली. तो उठला, स्क्रूड्रायव्हरला हात न लावता सपाता घातल्या आणि खाली निघाला. एका मजल्याच्या अठरा पायऱ्या. त्यानं त्या आयुष्यात इतक्या हळू उतरल्या नव्हत्या.

दार उघडंच होतं. शार्लोता काकू न्हाणीघराच्या दारात स्टुलावर बसल्या होत्या, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या, मांडीवर बशी, बशीत अक्रोडाचा रोल. चेहरा लहान झाला होता, डोळे तेवढेच. "ये," त्या म्हणाल्या. "तुझ्या कानांना मानलं. गाणं नसताना ऐकलंस." मग मांडीवर थाप मारून सांगायला लागल्या की डॉक्टरांनी आत असलं भारी लोखंड घातलंय की रात्री कूस वळली की बुडापेस्टचं रेडिओ स्टेशन लागतं, आणि दुसऱ्या कुशीवर हवामान. तुझ्या त्या गेझाला विचार, त्याचा अँप्लिफायर असा लागतो का. वेंडेलीन हसला नाही. दारातच उभा राहिला, एका पायावरून दुसऱ्या पायावर, आणि म्हणाला, "काकू, मला सांगायचंय. मी त्या दिवशी तीनलाच ऐकलं होतं."

"ठाऊक आहे की," त्या म्हणाल्या. "तू समजलं म्हणालास ना."

बशीतला तुकडा त्यांनी दोन बोटांनी मोडला. घाई नव्हती कसलीच. "एक टक आली वरून. स्पष्ट. मी म्हटलं, आला वेंडेल्या. आता किल्ली आणायला ब्लाझेनाकडे जाईल, ती नसेल तर खाली रखवालदाराकडे, म्हणजे दहा मिनिटं धर. माझा गाऊन पार वर गेला होता रे. परका बाप्या येणार, म्हणून तो ओढून ओढून खाली घेतला, पाय झाकले. त्यात ती मांडी. तेवढ्यालाच अर्धा तास गेला बघ. मग केस नीट केले. मग वाट बघत बसले, म्हणजे पडले. वाजवलं नाही. म्हटलं, येतोय तो, उगाच कशाला वाजवून त्याला घाबरवा."

त्या एका तासाची शांतता त्याच्या डोक्यात उघडली. ती त्याला किती छान वाटली होती. त्या शांततेत बास कसा उतरला होता, खोल, मऊ, एखाद्या विहिरीत दिवा सोडावा तसा, आणि त्यानं मनात ठरवूनसुद्धा टाकलं होतं की गेझाचं बरोबर, आधी अँप्लिफायरच. खाली एक म्हातारी त्याच वेळी केस नीट करत होती. "आणि मग मी हेडफोन घातले," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा वाजलं तेव्हा. ऐकू येऊ नये म्हणून."

"हां," काकू म्हणाल्या. "हे नव्हतं माहीत." आणि तुकडा खाल्ला. त्यानं विचारलं की मग तुम्ही लोकांना ते असं उलटं का सांगितलंत. त्यांनी डोळे बारीक केले, आणि गोष्ट सांगताना अस्वल लिफ्टमध्ये शिरलं की जशा दिसायच्या तशा दिसल्या. "खरं सांगितलं असतं तर लोक तुला एक दिवस शिव्या देऊन विसरले असते. रोल किती आले?"

"अकरा," तो म्हणाला.

"गोड लागले?"

त्यानं मान हलवली, नाही.

"मग झालं तर. आता फोन लाव बायकोला. म्हणावं, माझा तो ऐकायचा तुकडा लाव, नेहमीइतका मोठा. आणि तू इथं आडवा हो. इथं नाही, पलीकडे, पाइपाशी. डोकं तिकडे. तिथंच होते मी. काय आधी बदलायचं ते वर खुर्चीत बसून सहा आठवड्यांत ठरेना ना तुझं? इथून ऐक."

साठी उलटलेला माणूस, पण सांगितलं तसं त्यानं केलं. फोनवर झेल्मीरा म्हणाली की हात बटाट्यानं भरलेत, हे काय नवीन खूळ, बरं लावते. तो फरशीवर आडवा झाला. थंडी सदऱ्यातून पाठीला लागली, कुणी ओला हात ठेवावा तशी. इथून न्हाणीघर कधीच न पाहिलेलं दिसत होतं. बेसिनची खालची बाजू, गंजाचा एक डाग, टबाखाली सरकलेला साबणाच्या वाटीचा तुकडा, पांढरा, निळ्या फुलाचा, झाडूतून सुटलेला. त्यानं कानामागचं हाड पाइपला लावलं, जसं सळईला लावायचा. आणि सगळं घर आत आलं. सातव्यावर पाणी सुटलं. कुणाचा तरी नळ गळतोय, वायसर गेलाय. झेल्मीराच्या सपाता, उजवी जड, डावी हलकी. सुई तबकडीवर टेकल्याचा खर्रकन आवाज. मग तुकडा सुरू झाला, आणि त्यात झांज नव्हतीच, ती पाइपात उतरतच नव्हती. नुसता बास होता, आणि तोसुद्धा नुसतं धडधडणं, बंद दारामागं कुणी मोठा माणूस येरझारा घालावा तसं. सुई चांगली असती तरी हेच. स्पीकर नवे असते तरी हेच. तो वर राहायला आल्यापासून एकोणीस वर्षं काकूंनी हेच ऐकलं होतं, तो वर चमक शोधत होता तेव्हा. पण ऐकता ऐकता त्याला कळलं की त्या येरझाऱ्यांमुळं फरशी कमी थंड वाटते. कुणीतरी वर आहे. जागं आहे.

"आता बोलाव तिला," स्टुलावरून काकू म्हणाल्या.

बोटात अंगठी होती. त्यानं हात उचलला आणि पाइपवर वाजवली. पाच. मग दोन. मग थांबून चार. त्याला वाटलं, झेल्मीराला कळेल. चाळीस वर्षांचा संसार आहे, कळेल.

बास थांबला. एकदम, सुरी फिरवल्यासारखा. वर सपाता न्हाणीघरात आल्या, उजवी जड, डावी हलकी, आणि त्याच्या कानामागच्या हाडात, अगदी जवळ, अगदी स्पष्ट, लाकडी मुठीची एक टक झाली. मग सपाता वळल्या आणि स्वयंपाकघराकडे निघून गेल्या. नळ सुटला. किसणी सुरू झाली.

तो पडून राहिला. पाइपात आता पाणी तेवढं फिरत होतं.

काकूंनी बशी गुडघ्यावरून उचलून कडेला ठेवली, बोटांवरचे कण झटकले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "आली बघ आता," त्या म्हणाल्या. "कपडे नीट कर."

वेंडेलीननं वर सरकलेला सदरा दोन्ही हातांनी ओढला आणि पोट झाकलं.